जुन्या अमेरिकन गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आधी ओळखा, टॉर्क कन्व्हर्टर नंतर घ्या

माझी १९७२ ची शेवी (जनरल मोटर्सची शेवरले) नोव्हा घेतली तेव्हा ग्लोव्हबॉक्समध्ये एक घडी घातलेला कागद मिळाला, त्यावर आधीच्या मालकाने स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं "टर्बो ४००", म्हणजे जनरल मोटर्सच्या एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव. मी तो कागद खरा मानला, ४०० चा नवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलातून ताकद पुढे देणारा गोल डबा) मागवला, शनिवारी सकाळी गिअरबॉक्स उतरवला आणि कन्व्हर्टर शाफ्टवर सरकवायला गेलो तर तो बसेचना. फिरवला, पुन्हा फिरवला, मग टॉर्च लावून शाफ्टचे दाते मोजले तर ३०. हातातल्या कन्व्हर्टरला आत २४ दात्यांची जागा. म्हणजे गाडीखाली होता टर्बो ३५०, आणि हे कळायला गाडी उचलायचीसुद्धा गरज नव्हती, जमिनीवर आडवं होऊन गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन दोन मिनिटं नीट बघितला असता तरी पुरलं असतं.

इथे मिशिगनमध्ये आपली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात नोकरीला आहेत आणि त्यातल्या काहींना जुन्या गाड्यांचं वेड लागतंच, ऑगस्टमध्ये वूडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ भरते ती एकदा बघितली की माणूस सुटत नाही. मग फोन येतात, "अरे, ऑटोमॅटिक आहे पण कोणता गिअरबॉक्स ते कळत नाही, कन्व्हर्टर कुठला घेऊ?" त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. साधारण १९६० ते १९८५ मधल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकन गाड्यांबद्दल हे आहे.

आधी सीटवर बसूनच बघा

गाडी चालू स्थितीत असेल तर शांत रस्त्यावर अगदी हलक्या पायाने शून्यापासून ताशी ४५ मैलांपर्यंत न्या आणि गिअर किती वेळा बदलला ते मोजा. एकदाच बदलला तर दोन गिअरचा, शेवरलेत म्हणजे बहुतेक पॉवरग्लाइड. दोनदा बदलला तर तीन गिअरचा, यात टर्बो ३५०, टर्बो ४००, फोर्डचे सी४ आणि सी६, क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट सगळे आले. तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा बदलल्यासारखं वाटलं तर ओव्हरड्राइव्हवाला (हायवेला इंजिन हळू फिरावं म्हणून वरचा जादा गिअर असलेला), म्हणजे ७००आर४, २००-४आर किंवा फोर्डचा एओडी, त्यात शेवटचा जो हलका झटका लागतो तो गिअरचा नसून कन्व्हर्टर लॉक झाल्याचा, म्हणजे आतून घट्ट जोडला जाऊन घसरण बंद झाल्याचा, असू शकतो. गिअरच्या दांड्याजवळच्या अक्षरांवर मात्र जाऊ नका. पी आर एन डी एल एवढंच असलं तर पॉवरग्लाइडचा संशय घ्यायला हरकत नाही, पण पन्नास वर्षांत गिअरबॉक्स बदलला आणि वरची पट्टी तीच राहिली असं हजार गाड्यांत झालंय.

आता खाली जा, पॅन पुसा आणि बोल्ट मोजा

गाडी जॅकवर उचलली तर जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, चाकांना मागून पुढून अडसर लावायचे, यात तडजोड नाही. चिंधीला ब्रेक क्लीनर मारून पॅनच्या कडा पुसा, कारण पन्नास वर्षांच्या चिकट काळ्या थरात दोनतीन बोल्ट सहज लपतात आणि मोजणी चुकते. कुठून सुरुवात केली त्या बोल्टवर खडूची खूण करा. मग फोनवर सरळ खालून एक फोटो काढा, पुढे दुकानदाराशी बोलताना तोच फोटो उपयोगी पडतो.

जनरल मोटर्सच्या गाडीत १३ बोल्ट निघाले तर दोनच मोठ्या शक्यता, ३५० किंवा ४००. दोघांनाही तेराच बोल्ट असतात, म्हणून नुसता आकडा पुरत नाही, आकार बघावा लागतो. ३५० चा पॅन जवळजवळ चौकोनी आणि मागचा एक कोपरा कापल्यासारखा तिरका. ४०० चा पॅन लांबट, वेडावाकडा, कुठल्याच आकारात न बसणारा, इथले लोक त्याला टेक्सास राज्याच्या नकाशासारखा म्हणतात आणि एकदा बघितल्यावर ते पटतं. दुसरी खूण किकडाउनची. जोरात पाय दाबल्यावर खालचा गिअर पडावा म्हणून ३५० ला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते, ती पॅसेंजरच्या बाजूने केसमध्ये शिरते. ४०० ला केबल नसते, वीज असते, ड्रायव्हरच्या बाजूला केसवर वायरचं कनेक्टर दिसेल. फक्त एक सावध राहा, ऐंशीच्या आसपासचा ३५०सी नावाचा लॉकअपवाला ३५० असतो त्यालाही वायर असते, तेव्हा वायर दिसली की लगेच ४०० म्हणू नका, पॅनचा आकार आणि केबल दोन्ही बघून मग ठरवा.

१४ बोल्ट आणि गाडी शेवरले, १९७३ किंवा त्याआधीची, तर पॉवरग्लाइड. १९६२ पासून त्याचं केस ॲल्युमिनियमचं यायला लागलं, त्याआधीचे बिडाचे आणि भयंकर जड. ११ बोल्ट आणि पॅनवर मेट्रिक असं उठवलेलं असेल तर टर्बो २००, हा १९७६ पासूनचा, नाजूक, त्याच्यावर पैसे घालण्याआधी विचार करा. १६ बोल्ट म्हणजे ओव्हरड्राइव्ह. ७००आर४ (१९८२ पासून) आणि २००-४आर (१९८१ पासून) दोघांनाही सोळाच, पण ७००आर४ चा पॅन सरळ आयताकृती असतो. शिवाय २००-४आर ची एकूण लांबी आखूड शेपटीच्या ३५० एवढीच भरते, २७ इंच आणि वर ११/१६, तर ७००आर४ त्याहून तीन इंचांनी लांब, तेव्हा टेप लावला की शंका मिटते.

फोर्डमध्ये मला वाटतं काम सोपं आहे. ११ बोल्ट सी४, १७ बोल्ट सी६, १४ बोल्ट एओडी. सी४ चं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनला टेकणारा घंटेसारखा पुढचा भाग, वेगळं, बोल्टने जोडलेलं असतं, सी६ चं केसबरोबर एकसंध ओतलेलं. क्रायस्लरमध्ये ७२७ आणि ९०४ दोघांनाही १४, इथेही आकारच बघायचा, ७२७ च्या पॅनला मागच्या कोपऱ्यात फुगवटा असतो, ९०४ चा त्यामानाने सरळ. नंबर हवा असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला पॅनच्या अगदी वर केसच्या कडेवर ठोकलेला असतो, तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय दिसत नाही.

टर्बो ४०० ला पॅसेंजरच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते, त्यावर मॉडेलचं वर्ष दोन आकड्यांत आणि दोन अक्षरी कोड. ती पट्टी शाबूत असेल तर तिचा फोटो काढा आणि जपा. केसवर गाडीच्या व्हीआयएनचे (कारखान्याच्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडेही ठोकलेले सापडू शकतात, ते तुमच्या गाडीच्या नंबरशी जुळले तर गिअरबॉक्स कारखान्यातूनच आलेला, आणि मग तो विकायच्या आधी दहादा विचार करा.

एवढ्यावर कन्व्हर्टर मागवायचा नाही

इथेच बहुतेक जण घाई करतात. गिअरबॉक्सचं नाव कळलं म्हणजे अर्धंच काम झालं, कारण त्याच नावाच्या गिअरबॉक्समध्येसुद्धा वर्षाप्रमाणे शाफ्ट बदललेत. सी४ ला १९६९ पर्यंत कन्व्हर्टरच्या बाजूला २४ दाते, १९७० पासून २६. टॉर्कफ्लाइट ७२७ ला १९६६ पर्यंत १९ दाते, १९६७ पासून २४. ९०४ ला १९६७ पर्यंत १८, १९६८ पासून २७. क्रायस्लरमध्ये तर १९६८ ला इंजिनच्या क्रँकच्या मागचं भोक पण मोठं झालं, म्हणजे जुन्या क्रँकमध्ये नव्या कन्व्हर्टरचं नाक शिरतच नाही. ७००आर४ ला १९८४ पर्यंत २७, नंतर ३०. पॉवरग्लाइडला १७. आणि ३५० ला ३०, ७००आर४ ला पण ३० आहेत म्हणून त्यांचे कन्व्हर्टर एकमेकांना चालतील असं नाही, एकात लॉकअप आहे एकात नाही.

४०० वाल्यांसाठी खास, तुमचा गिअरबॉक्स १९६५ ते १९६७ मधल्या ब्युइक, ओल्ड्समोबिल किंवा कॅडिलॅकमधून आलेला असेल तर तो स्विच-पिच असू शकतो. त्यात कन्व्हर्टरच्या आतल्या स्टेटरची, म्हणजे तेलाला वळण देणाऱ्या भागाची, पाती वळतात, बाहेरची खूण म्हणजे कनेक्टरला एक नाही दोन पिना. त्याला नेहमीचा ४०० चा कन्व्हर्टर बसत नाही. कुणी तुम्हाला "हा जुना आहे, भंगारात टाक" म्हणालं तर ऐकू नका, ही चीज दुर्मिळ आहे.

गिअरबॉक्स खाली उतरवलाच असेल तर दाते स्वतः मोजा, एका दात्यावर पांढऱ्या मार्करने टिंब करून पूर्ण फेरी मारा, दोनदा मोजा. मग फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती. शेवरलेत ती दोन मापांत येते, १५३ दात्यांची लहान आणि १६८ ची मोठी. लहानीवर कन्व्हर्टरचे बोल्ट १०.७५ इंचांच्या वर्तुळात बसतात, मोठीवर १०.७५ आणि ११.५ दोन्हीची भोकं असतात. बॅलन्सिंग पण बघा. ३५० इंजिन (इथून पुढचे आकडे इंजिनांचे, गिअरबॉक्सचे नाहीत) आतून बॅलन्स केलेलं, पण स्मॉल ब्लॉक म्हणजे शेवरलेच्या लहान व्ही८ मधलं ४०० आणि मोठं ४५४ बाहेरून, त्यांच्या फ्लेक्सप्लेटला वजन असतं. १९८६ पासूनच्या स्मॉल ब्लॉकला मागचं सील अखंड झालं, क्रँकचे बोल्ट जवळ आले, फ्लेक्सप्लेट वेगळी झाली. फोर्ड ३०२ चं वजन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला २८ औंसांवरून ५० औंसांवर गेलं. क्रायस्लर ३६० मध्ये तर वजन कन्व्हर्टरवरच वेल्ड केलेलं. यात चूक झाली तर गाडी सुरू होते, चालतेही, पण अंगभर थरथरते आणि हळूहळू बेअरिंग खाते.

आणि जनरल मोटर्समध्ये शेवरलेचं बेलहाउसिंग वेगळं, ब्युइक-ओल्ड्स-पॉन्टियाकचं वेगळं, भोकं जुळत नाहीत. दुसऱ्याकडून गिअरबॉक्स घेत असाल तर इंजिनच्या मागच्या बाजूचा पुठ्ठ्यावर छाप काढून घेऊन जा, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हे शिकवलं, त्यांचं सगळं आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात गेलंय.

स्टॉल म्हणजे काय आणि किती घ्यायचा

कन्व्हर्टरच्या आत दोन पंखे समोरासमोर, एक इंजिन फिरवतं, दुसरा गिअरबॉक्सला फिरवतो, मध्ये तेल आणि त्या तेलाला वळण देणारा स्टेटर. गाडी जागच्या जागी अडवून इंजिनला पूर्ण गॅस दिला तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडकतं तो स्टॉल. त्या क्षणी कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो, म्हणूनच ऑटोमॅटिक गाडी उभ्यावरून झकास उचलते. कंपनीतून आलेल्या साध्या गाड्यांचा स्टॉल १६०० ते १८०० च्या घरात असायचा. कन्व्हर्टर व्यासाने लहान तेवढा स्टॉल जास्त, १२ इंची घरगुती, १० इंची जोरकस, ८ इंची रेसच्या ट्रॅकवरचा, ढोबळ मानाने.

डब्यावर लिहिलेला स्टॉल तुमच्या गाडीत तेवढाच येईल असं समजू नका. तो इंजिनच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हलतो. समजा एखादा कन्व्हर्टर ३०० पाउंड-फूट टॉर्कच्या इंजिनमागे २००० वर अडकतो. तोच ४०० पाउंड-फूटवाल्या इंजिनमागे लावला तर ४०० भागिले ३०० म्हणजे १.३३, त्याचं वर्गमूळ १.१५, म्हणजे स्टॉल साधारण २३०० वर. म्हणून विक्रेत्याला हॉर्सपॉवर नाही, टॉर्क सांगा आणि तो कोणत्या आरपीएमला मिळतो तेही सांगा. गाडीचं वजन, डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा) रेशो, टायरचा व्यास, कॅमशाफ्टचा (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) कागद असेल तर तो, हे सगळं विचारल्याशिवाय जो कन्व्हर्टर विकतो त्याच्याकडून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅम हा मुख्य मुद्दा. मूळचा कॅम असेल तर मूळ स्टॉल किंवा २०० जास्त, बास. थोडा गरम कॅम असेल तर तो ज्या आरपीएमपासून जागा होतो, म्हणजे जोर द्यायला लागतो, त्याच्या आसपास स्टॉल हवा, आणि टॉर्कच्या शिखराच्या निदान ५०० खाली. कॅम २२०० ला जागा होतो आणि कन्व्हर्टर १६०० ला पकडतो अशी जोडी असली की गाडी सिग्नलला ड्राइव्हमध्ये उभी राहिली की आचके देते आणि उचलताना पण गुदमरते.

पण हायवे विसरू नका, माझी दुसरी चूक इथेच झाली. चुकीचा कन्व्हर्टर परत केल्यावर एका दुकानात सांगितलं की "सगळे ३००० चाच लावतात" आणि मी लावला. माझ्या गाडीला मागे ३.०८ चा रेशो, २६ इंची टायर. हिशेब सोपा आहे, वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. ६५ मैलांना ६५ × ३.०८ × ३३६ ÷ २६, उत्तर २५८७. म्हणजे हायवेला माझं इंजिन २६०० च्या खाली आणि कन्व्हर्टरची मूळ पकड त्याच्याही वर, तो कायम घसरत राहिला, आणि घसरण म्हणजे उष्णता. आय-७५ वर अर्ध्या तासात पॅनमधल्या गेजने २४० फॅरनहाइट दाखवलं, घरी येऊन डिपस्टिक ओढली तर तेलाला करपलेल्या दाण्याचा वास. हे तेल १७५ च्या आसपास सुखात असतं, २४० ला त्याचं वार्निश व्हायला लागतं. शेवटी १२ इंची, २००० च्या आसपास स्टॉलचा कन्व्हर्टर लावला, गाडी उभ्यावरून थोडी कमी उसळते, पण त्याच रस्त्यावर काटा १८० च्या आत राहतो आणि मला ती गाडी चालवायची आहे, फक्त दाखवायची नाही.

हाच हिशेब ओव्हरड्राइव्हला करा. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७०, म्हणजे २५८७ चे झाले १८११. इथे २४०० स्टॉलचा कन्व्हर्टर लॉकअपशिवाय घातला तर तेल करपणारच. ओव्हरड्राइव्हला लॉकअपवालाच घ्या आणि लॉकअपची वायरिंग खरंच काम करते का ते तपासा. आणि ७००आर४ ची थ्रॉटलकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट ॲडजस्ट केल्याशिवाय गल्लीतसुद्धा फेरी मारू नका, त्या केबलवर आतला दाब ठरतो, ती ढिली असली की क्लच बघता बघता जळतात.

बसवताना

नवा कन्व्हर्टर आणि जुन्या घाणीचा कूलर ही जोडी चालत नाही, रेडिएटरमधला कूलर आणि दोन्ही नळ्या धुऊन घ्या नाहीतर जुन्या धातूचा चुरा नव्यात जाईल. स्टॉल वाढवला असेल तर बाहेरून एक वेगळा कूलर लावाच.

कन्व्हर्टरमध्ये एक क्वार्ट तेल आधीच ओता, त्याच्या हबला (गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या नळीसारख्या टोकाला) तेल लावा, मग गिअरबॉक्सवर सरकवा आणि हलकं दाबत फिरवत राहा. तो एकदा खाली बसेल, पुन्हा फिरवा, दुसऱ्यांदा बसेल, पुन्हा फिरवा, तिसऱ्यांदा ठक्क करून आत जाईल. पहिला इनपुट शाफ्ट, दुसरा स्टेटर, तिसरा पंप. तिसरा ठक्क हाताला जाणवला नाही तर पुढे जायचं नाही.

मग गिअरबॉक्स इंजिनला लावा. बेलहाउसिंग इंजिनला हाताने टेकलं पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवायचा प्रयत्न कधीही करू नका, कन्व्हर्टर पंपात बसलेला नाहीये आणि बोल्ट आवळला की पंपच फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि तो मागे ढकलला असता फ्लेक्सप्लेटपासून १/८ ते ३/१६ इंच, म्हणजे ३ ते ५ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. मी ड्रिलच्या बिटाची दांडी घालून मोजतो. एवढं अंतर पुढे ओढूनच बोल्ट लावायचे. क्रायस्लरमध्ये चारपैकी एक भोक सरकवलेलं असतं, एकाच पद्धतीने बसतं, तेव्हा जबरदस्ती करायची नाही, फिरवून बघायचं.

तेल जनरल मोटर्सला डेक्सरॉन, सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फोर्डला टाइप एफ. ३५० ला कोरड्यापासून साधारण दहा क्वार्ट लागतं, पण आधी चारपाच घालून इंजिन सुरू करा आणि मग लगेच वाढवत जा. पातळी इंजिन चालू, गरम आणि गाडी सपाटीवर असताना बघायची, जनरल मोटर्स आणि फोर्डमध्ये पार्कमध्ये, पण जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेल जातच नाही.

ब्रेक दाबून स्टॉल तपासायचा मोह होतो. करायचाच असेल तर समोर कुणी नको, चाकांना अडसर, पाच सेकंदांच्या वर नाही आणि मग मिनिटभर न्यूट्रलमध्ये तेल फिरू द्या. जोरकस इंजिनला जुने ब्रेक धरून ठेवू शकत नाहीत, तिथे मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम पूर्ण गॅस द्या आणि काटा कुठवर उसळी मारतो ते बघा, खरा उपयोगाचा आकडा तोच.

पहिल्या शंभर मैलांनंतर खालचं झाकण काढून कन्व्हर्टरचे बोल्ट पुन्हा तपासा, पॅनच्या कडेला बोट फिरवून ओल आहे का बघा. आणि दाते किती, फ्लेक्सप्लेट कोणती, स्टॉल किती आला, तारीख काय, हे सगळं एका कागदावर लिहून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. माझ्या गाडीतला तो "टर्बो ४००" चा जुना कागद मी काढून टाकलाय, त्याच जागी आता पॅनचा खालून काढलेला फोटो ठेवलाय, मागे ३० हा आकडा लिहून.